चार वाजल्यापासून

मिनीबसवाल्याने रेडिओचा आवाज वाढवला आणि एर्गेशने, काही कळायच्या आत, मांडीवरच्या पिशवीतला एक गरम नान काढून शेजारच्या अनोळखी तरुणाच्या हातात ठेवला. झालं होतं एवढंच की रेडिओवरची बाई म्हणाली, दोन्ही देशांच्या अध्यक्षांनी सीमेच्या करारावर सह्या केल्या आणि मग एकमेकांना मिठी मारली, आणि त्या तरुणाने एर्गेशच्या डोक्यावरची गावाकडची फेल्टची उंच टोपी बघून गंमत म्हणून हात पुढे केला, "सुयुंचू काढा, अक्सकाल." चांगली बातमी आणणाऱ्याने आधी सुयुंचू मागायची आणि ऐकणाऱ्याने हाताला लागेल ते द्यायचं, ही रीत ओश शहरातही अजून पाळतात, पण मुलगा झाला, लेक परीक्षेत पास झाली, अशा घरच्या बातम्यांना. रेडिओच्या बातमीला कुणी काही देत नाही. सगळी बस हसली. तरुण ओशाळला. नान परत घ्यायचा नसतो आणि असा कुठे ठेवूनही द्यायचा नसतो, म्हणून त्याने तो तोडला आणि मागेपुढे तुकडे वाटले. लोकांनी ते हसू आवरून खाल्ले, आणि खाता खाता बोलायला लागले. गाजरांची पिशवी घेतलेली एक बाई म्हणाली की मिठी त्यांनी मागेही मारली होती, त्यानंतर तिच्या मावशीचं घर जळलं. मागून कुणी म्हणालं, दोघांना वरून कुणीतरी दम भरला असणार. दुसरा म्हणाला, दम नाही, रस्ता, त्या डोंगरातून कुणाला तरी मोठा रस्ता न्यायचाय. चालक आरशात बघून म्हणाला, "रेडिओवर डोळे दिसत नाहीत, पण पैज लावा, मिठीत दोघंही कॅमेऱ्याकडेच बघत असणार." पुन्हा सगळे हसले. एर्गेश हसला नाही. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. अठ्ठेचाळीस वर्षं फावडं धरलेला, बोटं पुरती सरळ न होणारा हात. या हाताने त्याला न विचारता बातमी खरी मानली होती.

घर यायच्या दोन थांबे आधीच तो उतरला. चालावंसं वाटलं, किंवा बसमध्ये बसवेना. मार्चचं ऊन पाठीवर बरं वाटत होतं; इमारतींच्या मधल्या अंगणांत जर्दाळूला पहिली फुलं आली होती, शहरातली, धूळ बसलेली. कोशतेरेकला, सीमेवरच्या त्याच्या गावी, फूल म्हणजे पाट साफ करायचे दिवस. तो पाटकरी होता, गावाचा आणि गावापुरताच. कुणाची पाळी कधी, कुणाचं दार किती वीत उघडायचं, हे त्याच्या डोक्यात असायचं, कागदावर नाही. पाट ना त्यांच्या देशातला होता ना पलीकडच्या. डोंगरातून यायचा, आधी पलीकडच्या शिरीनोब गावातून जायचा, मग इकडे, मग पुन्हा तिकडे, सुईतल्या दोऱ्यासारखा. ज्यांनी नकाशा काढला त्यांना बहुतेक पाणी दिसलंच नव्हतं. ते मेल्यालाही आता किती वर्षं झाली. तरुणपणी त्याला वाटायचं, वरती कुठेतरी एका खोलीत बसलेल्या माणसांना सगळं माहीत असतं, कोशतेरेकचं वळणसुद्धा. म्हातारपणी वाटायला लागलं, त्यांना सगळं माहीत असतं आणि म्हणूनच ते असं करतात. आता चालताना त्याच्या मनात आलं, कदाचित दोन्ही चूक. कदाचित ते आपल्याबद्दल कसलाच विचार करत नाहीत, चांगला नाही आणि वाईटही नाही. या तिसऱ्या विचाराने त्याला जास्त भीती वाटली.

मंगळवारी आइसुलू येऊन गेली होती. आइसुलू म्हणजे तोलोनची बायको, आता विधवा; कोशतेरेकला भिंतीला भिंत लागून घर, इथे शहराच्या दुसऱ्या टोकाला भावाच्या घरातली एक खोली, दोन मुली आणि शिलाई मशीन. दारातच उभी राहून बोलली, आत आली नाही. जळलेल्या घरांच्या जागी सरकारने पाटाच्या कडेला सतरा घरं बांधली होती, एका रांगेत, निळ्या छपरांची. ज्यांना परत जायचंय त्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत नाव द्यायचं. देणार नाहीत त्यांची घरं दुसऱ्यांना. तिला शहरात राहून मुलींच्या शाळेचं बरं पडत होतं. तिकडे तोलोनची कबर होती, बाग होती, सीमा होती, आणि बागेच्या भिंतीपासून सीमेचं अंतर दगड फेकण्याइतकं होतं. हे सगळं ती एका दमात बोलली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं करते, आके. जा म्हणालात तर जाते. नको म्हणालात तर नाही." आणि निघून गेली. आज गुरुवार होता. दोन दिवस तो सुनेने वाढलेलं निमूट खात होता आणि चूळ भरताना आरशात बघत नव्हता. इतक्या जणांमधून तिने त्यालाच का विचारावं? जगात कुणालाही विचारावं, त्याला विचारू नये, हे तिला कळायला नको?

इमारतीखाली बाकावर इस्मानअली बसला होता. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, आणि जगात जिथे जिथे लढाई थांबते तिथली खबर ठेवणारा. रोज दुपारी एर्गेश त्याच्याजवळ बसायचा. इस्मानअली सांगायचा, अमक्या समुद्रापलीकडची युद्धबंदी तीन तास टिकली, तमकी अकरा दिवस, आणि प्रत्येकीचं कारण त्याच्याकडे तयार असायचं: एकाला दारूगोळा भरून घ्यायचा होता, दुसऱ्याची निवडणूक तोंडावर होती, तिसऱ्याला कुठल्याशा बक्षिसाची हाव सुटली होती. ऐकायला बरं वाटायचं. एर्गेशला त्या बाकाची सवय लागली होती, जशी थंडीत भट्टीच्या भिंतीला पाठ टेकायची लागते. कुणी आपल्याला पुन्हा फसवू शकत नाही, ही ऊब होती ती. आज इस्मानअली रंगातच होता. सह्या कुणी केल्या ते विसर, म्हणाला, पेन कुणी पुरवलं ते विचार. मग त्याने रस्त्याचं सांगितलं, विजेचं सांगितलं, दूरच्या एका राजधानीचं सांगितलं जिथून म्हणे हा मसुदा टाइप होऊनच आला होता. यातलं बरंचसं खरं असेलही. एर्गेश थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "मला एकीला हो किंवा नाही सांगायचंय. परत जायचं की नाही ते."

"मग नाही सांग," इस्मानअली म्हणाला. "नाही म्हणणारा कधी खोटा पडत नाही."

तो सहज बोलून गेला आणि टोपी सारखी करून पुन्हा विजेवर आला. एर्गेशला मात्र पाठीमागे भिंत नसल्यासारखं झालं. खरंच होतं. नाही म्हटलं की काम संपलं. ती इथेच राहील, मुली इथे मोठ्या होतील, तिकडे काही झालं तर आपण म्हणू, बघ, सांगितलं होतं. काही नाही झालं तर कुणी विचारायला येणार नाही. मागच्या हिवाळ्यात जोमार्तने, त्याच्या मुलाने, त्याच्या वतीने असंच करून टाकलं होतं. सतरापैकी एक घर एर्गेशच्या नावाला लागत होतं. जोमार्त जेवताना म्हणाला, बाबा, नाही म्हणून कळवतो मी, त्या लोकांचा काय भरवसा. कुठल्या लोकांचा ते तो बोलला नाही आणि एर्गेशने विचारलं नाही. तो भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवत राहिला. गप्प राहण्याचा अर्थ जोमार्तने बरोबर लावला.

तो उठला आणि नदीच्या बाजूला चालू लागला. आइसुलूकडे जायचं तर नदी ओलांडावी लागते. काय सांगणार आहोत हे ठरलं नव्हतं. चालताना त्याला तो रस्ता दिसायला लागला, दिसणारच होता, बसमध्ये हात पुढे झाला तेव्हापासून तो मागे मागे येत होता. अडीच वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. कोशतेरेकहून तालुक्याच्या गावाकडे जाणारा एकच रस्ता आणि त्यावर सगळं गाव: ट्रक, ट्रॅक्टर, गाढवाच्या गाड्या, टपावर गाद्या, गाद्यांवर म्हाताऱ्या. मागून गोळीबाराची धडधड ऐकू येत होती आणि पुढे कुणाचं तरी चाक बसलं म्हणून सगळी रांग थांबली होती. धूळ, पेट्रोलचा वास, मेंढ्या. सव्वातीनला त्याच्या खिशातला फोन वाजला. हिकमतुल्लो होता, शिरीनोबचा पाटकरी. तीस वर्षं दोघांनी एकाच पाटाच्या दोन तोंडांवर भांडून काढली होती, आणि एकमेकांच्या मुलांच्या लग्नात नाचले होते. हिकमत घाईत बोलला: आज चार वाजल्यापासून थांबणार, दोन्हीकडून, वरून हुकूम आलाय, बायकापोरांना रस्त्यावर ठेवू नका. फोन बंद झाला. लगेच पुढच्या ट्रकमधला रेडिओही तेच सांगायला लागला: चार वाजल्यापासून. एर्गेशला काय झालं कुणास ठाऊक. साठी ओलांडलेला माणूस, तो त्या रांगेच्या कडेने पोरासारखा धावत सुटला, सुयुंचू, सुयुंचू, चार वाजल्यापासून थांबणार. लोक खिडकीतून हात काढून द्यायचे, कुणी रुमाल, कुणी मूठभर अक्रोड. आणि जागचं कुणी हललं नाही. हे त्याला तेव्हा उमगलं नव्हतं. चांगल्या बातमीला काहीतरी देणं ही माणुसकी. ती खरी मानून गाडी वळवणं निराळं. लोकांनी रीत पाळली आणि तोंडं तालुक्याकडेच ठेवली.

विचारलं फक्त तोलोनने. जुन्या निळ्या ट्रकमध्ये एकटाच होता. आइसुलू आणि मुली सकाळीच पुढच्या गाडीने गेल्या होत्या. "कोण म्हणतं?" त्याने विचारलं. रेडिओ, एर्गेश म्हणाला. तोलोन खिडकीबाहेर थुंकला. रेडिओ मागच्या वेळीही चारच म्हणाला होता, म्हणाला. यांच्या घड्याळात तेवढाच आकडा दिसतो. तो गावातला सगळ्यात संशयी माणूस होता, धान्य विकत घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालणारा. त्याच्या दोन गाई गोठ्यात बांधलेल्या राहिल्या होत्या, एक नुकती व्यालेली. एर्गेशला वाटलं, याला खरं सांगितलं नाही तर माझी सुयुंचू खोटी ठरेल. तो खिडकीत वाकला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "रेडिओ सोड. हिकमत म्हणतो." तोलोनचा चेहरा उजळला. तो हसला, सीटखाली हात घातला, पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी काढून एर्गेशच्या छातीशी दिली, "घे तुझी सुयुंचू," आणि ट्रक मागे वळवला. कोंबडी छातीशी धरून एर्गेश रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. तिचं काळीज त्याच्या बोटांखाली धडधडत होतं आणि त्याला हसू येत होतं. चारला खरंच सगळं थांबलं. दीड तास पाखरांचा आवाज येत होता. साडेपाचला पुन्हा सुरू झालं. कुणी सुरू केलं ते दोन्हीकडच्या रेडिओंनी वेगवेगळं सांगितलं. तोलोन दुसऱ्या दिवशी पाटाच्या कडेला सापडला, हाताला गाईचं दावं गुंडाळलेलं.

कोंबडी ओशला आली. पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत ती महिनाभर राहिली आणि जवळजवळ रोज अंडं द्यायची. सून ती अंडी उकडून त्याच्या ताटात ठेवायची. तो ती ताटातच ठेवून उठायचा. एके दिवशी गॅलरी धुतलेली दिसली आणि कोंबडी नव्हती. सून समजूतदार होती, तिने माहेरी देऊन टाकली असेल. पण ज्याने सुयुंचू घेतली त्याच्या अंगावर ती बातमी राहते. ती धुऊन निघत नाही. सगळ्यांना त्याने पुढेही रेडिओच सांगितलं. पलीकडून फोन आला होता असं त्या दिवसांत सांगितलं असतं तर त्याला कुणी शेजारी म्हणालं नसतं, फितूर म्हणालं असतं. आणि आतल्या आत तो अडीच वर्षं एकच प्रश्न कुरतडत होता: हिकमत फसला होता, की त्याने फसवलं होतं? इस्मानअलीच्या बाकावर बसून राज्यकर्त्यांवर संशय घेणं किती सोपं होतं. त्यांच्यावर घेतलेला संशय कुणाला लागत नाही. हिकमतवर घ्यायचा तर तीस वर्षं मागे जाऊन एकेक पाळी, एकेक लग्न, एकेक शिवी तपासावी लागली असती. म्हणून त्याने तो प्रश्न मोठ्या माणसांच्या अंगावर टाकला होता आणि हिकमतचा नंबर एकदाही लावला नव्हता. हिकमतनेही लावला नव्हता. याचा अर्थ काय घ्यायचा?

नदीच्या काठावर पॉपलरखाली तो बसला. पाणी गढूळ होतं, डोंगरातला बर्फ सुटायला लागला होता. फोन काढून तो बराच वेळ हातात धरून बसला आणि मग, पुलावरून एक लग्नाची गाडी भोंगे वाजवत गेली त्या गोंगाटात, त्याने बटण दाबलं. वाटलं होतं नंबर बंद असेल. दुसऱ्याच घंटीला उचलला.

"कोण?"

"मी."

पलीकडे कुणीतरी दार लोटून घेतलं. "अजून जिवंत आहेस, पाणीचोरा?"

"तुझ्या कृपेने."

"माझी कृपा असती तर कधीच बुडाला असतास," हिकमत म्हणाला. त्याच हेलात, एर्गेशची भाषा जिभेवर लोळवत. गाडीचे भोंगे दूर गेले. एर्गेशने विचारायचं ठरवलं होतं ते वाक्य अडीच वर्षं घोटून तयार होतं, आणि आता ते तोंडातून निघेना. हिकमतच बोलला. सावकाश, जनावराला चारा किती घातला ते सांगावं तशा आवाजात. म्हणाला, त्या दिवशी तुला फोन केला त्याच्या आधी मी माझ्या पुतण्याला सांगितलं होतं. तो टेकडीवर लपला होता. म्हटलं, उतर खाली, चार वाजल्यापासून थांबतंय, आई वाट बघतेय. तो उतरला. माझी भावजय अजून माझ्याशी बोलत नाही, ताट ठेवते आणि जाते. एर्गेशने पुतण्याचं नाव आठवून पाहिलं. एक दात पुढे असलेला मुलगा, फाटकावर उड्या मारायचा. नाव आठवलं नाही. विचारण्याचं धाडस झालं नाही. तोलोनचं त्याने सांगितलं, सगळं, कोंबडीसकट.

"या सह्यांवर तुझा विश्वास आहे?" शेवटी एर्गेशने विचारलं.

"कुणाच्या सह्या? मी त्या दोघांनाही ओळखत नाही," हिकमत म्हणाला. "तुला ओळखतो, आणि तू गाळ काढत नाहीस."

मग तो जुन्या आवाजात भांडायला लागला. कोशतेरेकच्या हद्दीतला पाट दोन वर्षं तुंबलाय. पाणी तिथे अडतं, मागे फुगतं आणि याच्या भातात शिरतं. रोपं पिवळी पडतात. येत्या रविवारी शिरीनोबची माणसं मोठ्या दगडापर्यंत गाळ काढणार. दगडाच्या पुढे तुमचा वाटा, तो कुणी काढायचा? माझ्या आज्याने? चौकीवरच्या अधिकाऱ्यांना विचारून झालंय, दोन्हीकडच्या. ते म्हणाले, फावडी आणा, फोन आणू नका. हे टिकेल का, एर्गेशने विचारलं. हिकमत म्हणाला, मला काय विचारतोस, मी एकदा सांगून बघितलं. आणि जरा थांबून, "रविवारी पाऊस नाही, एवढं सांगतो."

फोन बंद झाल्यावर एर्गेश तसाच बसून राहिला. त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. हिकमत फसला होता, इतकंच काय ते कळलं. म्हणजे दोघांनी मिळून, दोन्हीकडून, एकच खोटी बातमी प्रेमाने वाटली होती. आता कुणावर रागवायचं, तेही राहिलं नव्हतं. आणि तरीही त्याची पाठ, खांदे, ते वाकडे हात मनाला न जुमानता मोठ्या दगडापासून खालच्या वळणापर्यंतचा गाळ मापायला लागले होते. दोन वर्षांचा, म्हणजे कमरेइतका. मुळ्या आल्या असतील. आठ माणसं, दोन दिवस.

आइसुलू मशीनवर होती. शाळेच्या गणवेशाच्या बाह्यांचा ढीग एका बाजूला आणि न शिवलेल्या बाह्यांचा दुसऱ्या. मुली शाळेत होत्या. तिने मशीन थांबवलं, जमिनीवर चादर अंथरली, नान आणि चहा ठेवला, आणि त्याच्यासमोर बसली, हातावर हात ठेवून, डॉक्टरसमोर बसतात तशी. भिंतीवर तोलोनचा फोटो नव्हता. एर्गेशने त्याबद्दल मनातल्या मनात तिचे आभार मानले. करार झाल्याचं तिने ऐकलं होतं.

त्याने आधी दुसरंच सांगितलं. की त्या दिवशी सगळ्यांना त्याने रेडिओचं नाव सांगितलं, पण तोलोनला तसं सांगितलं नव्हतं. तोलोन रेडिओवर वळला नसता. त्याच्या कानात कुणाचं नाव सांगितलं, ते सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही.

"माहीत आहे मला," आइसुलू म्हणाली. "वळताना त्यांनी फोन केला होता. म्हणाले, नुसता रेडिओ असता तर वळलो नसतो. एर्गेश-आकेंच्या हिकमतने सांगितलंय."

ती अडीच वर्षं जाणत होती. गेल्या ईदला तिने त्याच्या हातात तळलेल्या बोरसोकची पिशवी दिली होती, तेव्हाही जाणत होती. एर्गेशला चादरीवरची नक्षी दिसेनाशी झाली. तो म्हणाला, मला जा म्हणवत नाही, आइसुलू. नको म्हणणं सोपं आहे, तेही म्हणवत नाही. ती सह्या करणारी माणसं काय करतील ते मला ठाऊक नाही. ती तिथे राहायला येणार नाहीत. त्यांच्या मनात रस्ता आहे की वीज आहे की आणखी काही, ते मी कुठून सांगू. हिकमतचा पुतण्या गेला हेही त्याने सांगितलं. ती म्हणाली, दावूद. तिला नाव ठाऊक होतं.

मग तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "मी तुम्हाला त्यांचं विचारायला आलेच नव्हते, आके. मोठ्या लोकांचं मला बसमध्येही कळतं, भाजी घेतानाही कळतं. रांगेतलं सोळावं घर माझं आहे. सतरावं कुणाचं, ते विचारायला आले होते."

सतरावं घर म्हणजे पाटाच्या दाराला लागून असलेलं. पाटकऱ्याचं. ते त्याच्यासाठीच तिथे बांधलं होतं, हे त्याने आजवर मनाशीही कबूल केलं नव्हतं. जोमार्तने नाही म्हणून कळवलंय, तो म्हणाला.

"जोमार्त काही पाटकरी नाही."

"उद्या जाऊन सांगता येईल बहुतेक. येईन मी."

"येईन असं टीव्हीवर म्हणतात," आइसुलू म्हणाली. ती हसली नव्हती, पण आवाज तिच्या जुन्या घराच्या भिंतीवरून यायचा तसा आला. मीठ आहे का विचारणारा, कोंबड्यांना हाकलणारा.

एर्गेशने श्वास घेतला. बसमध्ये हात आपोआप पुढे झाला होता; आता एकेक शब्द ओल्या मातीतून उपटून काढावा तसा काढावा लागत होता. त्याला भीती वाटत होती, आणि ती खरी होती. ती खोटी आहे असं कुणी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. "उद्या सकाळी दोघं जाऊ कचेरीत," तो म्हणाला. "शनिवारी सातच्या गाडीने मी निघतो, जुन्या स्टँडवरून. एकटा. रविवारी दगडाखालचा गाळ काढायचाय. तू मुलींची परीक्षा झाल्यावर ये, जूनमध्ये. तोवर मी तिथे असेन. जून आला आणि मी फोन उचलला नाही, तर येऊ नकोस."

तिने मान डोलावली. चहाची किटली उचलली आणि त्याचा प्याला काठोकाठ भरला. पाहुण्याला त्या मुलखात अर्धाच प्याला देतात, पुन्हा पुन्हा, बसावं म्हणून. भरून दिला की उठायचं असतं. चहा पोळत होता. एर्गेशने तो फुंकर न घालता संपवला, गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला आणि तिला विचारलं की तिच्या भावाकडे एखादं फावडं आहे का, लांब दांड्याचं.